माशांचे वय व वाढ (महाराष्ट्राचा किनारा)

माशांचे वय व वाढ हा मत्स्यविज्ञानाचा एक विभाग आहे. मासा किती वर्षांचा आहे, त्या वयात त्याची लांबी व वजन किती असते, तो कोणत्या वयात प्रजननक्षम होतो आणि साधारणपणे किती वर्षे जगतो, यांचा अभ्यास या विभागात केला जातो. समुद्रातून दरवर्षी किती मासळी काढली असता साठा टिकून राहील, याचा हिशेब याच माहितीवर आधारलेला असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील पापलेट, बोंबील, बांगडा, सुरमई, घोळ इत्यादी माशांबाबत या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे, कारण यांपैकी काही मासे एकदाही अंडी न घालता जाळ्यात सापडतात.

लांबी आणि वय

बाजारात मासा लांबीने किंवा वजनाने ओळखला जातो. त्याचे वय कोणी विचारत नाही. सस्तन प्राणी व पक्षी यांची वाढ प्रौढपणी थांबते. बहुतेक माशांची वाढ मात्र मंदावत मंदावत आयुष्यभर चालू राहते. म्हणून मोठा मासा वयाने मोठा असावा, हा तर्क ढोबळमानाने बरोबर ठरतो. परंतु त्यावर फार विसंबता येत नाही. एकाच दिवशी अंड्यांतून बाहेर पडलेल्या दोन पिलांपैकी एकाला भरपूर अन्न मिळाले व दुसऱ्याला मिळाले नाही, तर वर्षअखेरीस त्यांच्या लांबीत मोठी तफावत पडते. अनेक जातींत मादी नरापेक्षा मोठी होते. शिवाय वय वाढेल तशी लांबीतील भर इतकी कमी होते की सहा वर्षांचा आणि बारा वर्षांचा मासा केवळ मोजपट्टीने वेगळे करता येत नाहीत.

वजनाचे गणित आणखी निराळे आहे. शरीराचा आकार सारखाच राहिला, तर वजन लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते. जाळ्यात सापडलेला वीतभर मासा आणखी एक हंगाम पाण्यात राहिला असता तर किती भरला असता, याचा अंदाज यावरून येतो.

लांबी मोजण्याच्याही तीन रीती आहेत. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची ती एकूण लांबी, शेपटीच्या बेचक्यापर्यंतची ती बेचकी लांबी आणि शेपटीचा पर जेथे सुरू होतो तेथपर्यंतची ती प्रमाण लांबी. पापलेटाची शेपटी लांब व खोल दुभंगलेली असल्याने त्याच्या बाबतीत या तीन मापांत बराच फरक पडतो. कोणती लांबी मोजली हे न सांगता दिलेला आकडा तुलनेला निरुपयोगी असतो.

खवले, कर्णाश्म व मणके

बैलबाजारात दात पाहून बैलाचे वय ठरवतात. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती व जुळलेला हे शब्द विदर्भातील शेतकऱ्याला नवे नाहीत. माशाच्या दातांवरून असे काही कळत नाही. त्याच्या वयाची नोंद शरीरातील इतर कठीण भागांत, म्हणजे खवले, कर्णाश्म व पाठीच्या मणक्यांत होते.

माशाचा खवला त्याच्याबरोबर वाढतो व त्यावर बारीक वर्तुळाकार रेषा उमटतात. वाढ जोमाने होत असते तेव्हा या रेषा दूरदूर पडतात, वाढ मंदावली की जवळजवळ येतात. अशा दाट रेषांचा पट्टा वर्षातून एकदा तयार होत असेल, तर त्याला वर्षवलय म्हणतात. सूक्ष्मदर्शकाचे प्रसिद्ध अभ्यासक आंतोनी व्हॅन लेव्हेनहूक यांनी सतराव्या शतकातच कार्प माशाच्या खवल्यावरील वलये पाहिली होती. स्वीडनमधील हान्स हेडरस्ट्रोम यांनी १७५९ मध्ये पाइक माशाच्या मणक्यांवरील वलये मोजून वय ठरवले. तरीही या पद्धतीला शास्त्रीय मान्यता मिळण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. १८९८ मध्ये जर्मनीतील हॉफबाउअर यांनी कार्पच्या खवल्यांचा आणि १८९९ मध्ये रायबिश यांनी प्लेस या चपट्या माशाच्या कर्णाश्मांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

कर्णाश्म म्हणजे माशाच्या अंतःकर्णातील चुनखडीचा खडा. ऐकणे व शरीराचा तोल सांभाळणे ही त्याची कामे. अशा खड्यांच्या तीन जोड्या असतात; त्यांपैकी बहुतेक जातींत सर्वांत मोठी असणारी जोडी वय ठरवण्यासाठी वापरली जाते. ढोमा किंवा घोळ साफ करताना डोक्यातून निघणारा पांढरा, टणक खडा तो हाच. ढोमा, कोथ, घोळ यांच्या कुळात हे खडे इतके ठळक असतात की त्यातील एका प्रजातीचे शास्त्रीय नावच ओटोलिथस, म्हणजे कानातला दगड, असे पडले आहे.

खवल्याच्या तुलनेत कर्णाश्म अधिक विश्वासार्ह मानला जातो. खवला गळून पडला तर त्या जागी नवा येतो आणि त्यावर आधीच्या वर्षांची नोंद नसते. उपासमारीत शरीर खवल्यातील चुना परतही घेते. कर्णाश्मावर मात्र एकदा बसलेला थर पुन्हा विरघळत नाही. त्याचा पातळ छेद घेऊन तो घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता अपारदर्शक व अर्धपारदर्शक पट्टे आलटूनपालटून दिसतात. १९७१ मध्ये पान्नेल्ला यांनी कर्णाश्मावर रोजचे थरही असतात, असे दाखवून दिले. त्यामुळे काही आठवड्यांच्या पिलाचे वय दिवसांत मोजणे शक्य झाले.

मुशीसारख्या कूर्चामय माशांत असे टणक कर्णाश्म नसतात. त्यांच्यासाठी मणक्यांवरील वलये पाहतात. कोळंबी व शेवंड कात टाकतात. प्रत्येक वेळी जुने कवच गेल्याने वयाचा पुरावाही बहुतांशी त्याबरोबर जातो आणि लांबीवरूनच अंदाज बांधावा लागतो.

वलये वाचण्यातील अडचण

ही पद्धत थंड प्रदेशात विकसित झाली. तेथे हिवाळ्यात पाणी गोठण्याच्या बेतात येते, माशाची वाढ जवळजवळ थांबते आणि वलय स्पष्ट उमटते. अरबी समुद्रात असा कडक हिवाळा नसतो. येथे पाण्याच्या तापमानापेक्षा मोसमी पाऊस, त्यामुळे बदलणारी क्षारता, खोल पाणी वर येण्याचा काळ व अन्नाचा पुरवठा यांचा वाढीवर अधिक परिणाम होतो. प्रजननाच्या काळात मासा कमी खातो, साठवलेली शक्ती अंड्यांवर खर्च करतो, त्या वेळीही वलय पडू शकते. काही जातींत वर्षातून दोन वलये पडतात, काहींत एकही स्पष्ट पडत नाही.

म्हणून वलय दिसले एवढ्याने काम भागत नाही. ते वर्षातून एकदाच पडते हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी वर्षभर दर महिन्याला मासे गोळा करून कर्णाश्माच्या कडेला कोणता पट्टा तयार होत आहे ते तपासतात. दुसरा मार्ग म्हणजे जिवंत माशाला टेट्रासायक्लिनसारखे औषध टोचून सोडणे. हे औषध कर्णाश्मात साठते व अतिनील प्रकाशात चमकते. मासा पुन्हा सापडल्यावर त्या खुणेनंतर किती थर पडले ते मोजता येते. ही पायरी गाळून केवळ वलये मोजणारे अभ्यास बरेच आहेत आणि त्यांच्या निष्कर्षांकडे सावधपणेच पाहायला हवे.

महाराष्ट्रातील माशांच्या बाबतीत खवल्यांची अडचण आणखी मोठी आहे. बोंबलाच्या अंगावर पुढच्या भागात खवले नसतातच, मागच्या भागातील खवलेही नाजूक असतात. पापलेटाचे खवले अतिशय बारीक असून हात लावताच गळतात. सुरमईचे खवले नावापुरते असतात. किनाऱ्यावरील सर्वांत महत्त्वाच्या मासळीला खवल्यांची पद्धत जवळजवळ लागूच पडत नाही.

लांबीच्या गटांची पद्धत

या अडचणीमुळे भारतात लांबीवर आधारलेली पद्धत रुळली. तिचा पाया डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी घातला. कल्पना साधी आहे. एखाद्या शाळेत पहिली, दुसरी व तिसरीची मुले एकत्र उभी करून त्यांची उंची मोजली, तर आकड्यांचे तीन ढीग दिसतील. वर्ग विचारण्याची गरज पडणार नाही. तसेच एका बंदरावर उतरलेल्या शेकडो माशांची लांबी मोजली की काही लांब्यांना मासे अधिक, काहींना कमी, असे उंचवटे दिसतात. प्रत्येक उंचवटा म्हणजे एका हंगामात जन्मलेली पिढी. दर महिन्याला हीच मोजणी केली, तर उंचवटा हळूहळू मोठ्या लांबीकडे सरकतो. तो किती सरकला यावरून वाढीचा वेग कळतो.

वाढीचे वर्णन करण्यासाठी ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालन्फी यांनी १९३८ मध्ये मांडलेले समीकरण वापरले जाते. त्यात दोन आकडे महत्त्वाचे असतात : मासा सरासरीने ज्या लांबीच्या जवळ जात राहतो ती कमाल लांबी, आणि तो तिच्याकडे किती लवकर जातो हे सांगणारा वाढीचा गुणांक. उदाहरणादाखल कमाल लांबी १०० सेंमी व गुणांक ०.५ असा एक काल्पनिक मासा घेतला, तर तो पहिल्या वर्षअखेरीस सुमारे ३९, दुसऱ्या वर्षी ६३, तिसऱ्या वर्षी ७८ आणि चौथ्या वर्षी ८६ सेंमीचा होतो. पहिल्या वर्षातील भर ३९ सेंमीची, चौथ्यातील जेमतेम ९ सेंमीची. गुणांक १ धरला, तर तो पहिल्याच वर्षी ६३ सेंमी गाठतो. ज्यांचा गुणांक मोठा ते मासे सहसा लवकर वाढतात, लवकर प्रौढ होतात आणि लवकर मरतात. बेव्हर्टन व होल्ट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये हे समीकरण मासेमारीच्या गणिताला जोडले. १९८० नंतर संगणकाच्या साहाय्याने उंचवटे शोधण्याची सोय झाली व ही पद्धत भारतासह अनेक उष्ण देशांत पसरली.

पद्धतीचे दोष तिच्या सोपेपणातच आहेत. मासा वर्षभर अंडी घालत असेल, तर पिढ्यांचे ढीग एकमेकांत मिसळतात. जाळ्याच्या आसापेक्षा लहान मासे मोजणीत येतच नाहीत. मोठ्या माशांची लांबी एकमेकांजवळ असल्याने त्यांच्या सर्व पिढ्या एकाच ढिगात जातात आणि आयुर्मान प्रत्यक्षापेक्षा कमी भासते.

या चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाजवळच्या खोल समुद्रातील ऑरेंज रफी या माशाने दाखवले. कर्णाश्मांच्या नीट तपासणीतून तो शंभराहून अधिक वर्षे जगतो आणि प्रौढ व्हायलाच त्याला दोन-तीन दशके लागतात, असे कळले. तोवर तो लवकर भरून येणारा साठा समजून केलेल्या मासेमारीने त्याची संख्या बरीच घटली होती.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मासे

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची स्थापना १९४७ मध्ये झाली. तिचे कर्मचारी देशभरच्या मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर ठरावीक दिवशी नमुने घेऊन मासळीची लांबी नोंदवतात. मुंबईतील ससून डॉक व भाऊचा धक्का किंवा रत्नागिरीचे मिरकरवाडा यांसारख्या बंदरांवर पहाटे चालणाऱ्या लिलावाच्या गडबडीत ही मोजणी करावी लागते. मासा विकला गेला की कर्णाश्म काढण्यासाठी डोके मागणे कठीण, मोठा व महाग मासा असेल तर अशक्यच. लांबीची पद्धत रुळण्यामागे हेही एक व्यावहारिक कारण आहे.

बोंबील हा प्रामुख्याने महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर मिळणारा मासा. एस. व्ही. बापट यांचा बोंबलावरील शास्त्रीय ग्रंथ १९७० मध्ये वरील संस्थेने प्रसिद्ध केला. बोंबील झपाट्याने वाढतो. जवळा, इतर लहान मासे आणि स्वतःच्या जातीची पिलेही खातो. तो भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात सापडतो. पिशवीसारख्या या जाळ्याचा शेवटचा भाग अतिशय बारीक आसाचा असतो, कारण त्याच जाळ्यात जवळाही धरायचा असतो. जवळ्यासाठी विणलेल्या आसातून बोंबलाचे पिलू निसटू शकत नाही. विदर्भाच्या आठवडी बाजारांत मिळणाऱ्या सुक्या बोंबलांच्या ढिगात मोठ्यांबरोबर बोटभर लांबीचे बोंबील दिसतात, त्याचे मूळ येथे आहे.

तारली व बांगडा हे थव्याने राहणारे, अल्पायुषी मासे. तारलीवरील अभ्यास भारतात सर्वांत जुने आहेत. जेम्स हॉर्नेल व नायडू यांनी मलबार किनाऱ्यावरील तारलीचे जीवनचक्र १९२० च्या दशकात अभ्यासले, तर आर. व्ही. नायर यांनी १९४९ मध्ये तिच्या कर्णाश्मांवरील वलयांचे वर्णन केले. तारली साधारण १५ सेंमी लांबीला, म्हणजे वर्षाच्या आसपास, प्रौढ होते. बांगड्याच्या बाबतीत अभ्यासकांत बराच मतभेद राहिला. जुन्या अभ्यासांत त्याची पहिल्या वर्षातील वाढ पुष्कळ कमी धरली होती. पुढील अभ्यासांत बाजारात येणारे बहुतेक बांगडे वर्षभराच्या आतबाहेरचेच असल्याचे दिसले. मासा तोच, लांबी तीच. वय मात्र जवळजवळ निम्मे झाले. अशा माशांचा साठा एखाद्या वाईट हंगामात एकदम घटतो आणि चांगल्या हंगामात भरूनही येतो.

सुरमई याच्या उलट टोकाला आहे. पहिल्या वर्षात तिची वाढ अतिशय वेगाने होते, पुढे मंदावते. ओमान व ऑस्ट्रेलिया येथे कर्णाश्मांचे छेद तपासल्यावर वीस वर्षांच्या आसपासच्या सुरमया आढळल्या. केवळ लांबीवरून हे कळले नसते.

घोळ दीड मीटरपर्यंत वाढतो. त्याच्या वाताशयाला, म्हणजे पोटातील हवेच्या पिशवीला, परदेशात मोठी किंमत मिळते. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मिळाले व ते सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना विकले गेल्याचे वृत्त गाजले. घोळाचे मोठे मासे प्रजननासाठी एकत्र जमतात. त्यामुळे असा थवा सापडला तर अनेक वर्षांत मोठी झालेली पिढी एका खेपेत निघून जाते. सावकाश प्रौढ होणाऱ्या माशाला ही तूट भरून काढणे अवघड असते.

पापलेट, ज्याला काही भागांत सरंगा म्हणतात, सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला. सातपाटी हे त्याच्या मासेमारीचे जुने केंद्र. मोठ्या आसाच्या तरत्या जाळ्यात मोठे पापलेट अडकते आणि लहान निसटते. डोल व ट्रॉल जाळ्यांत मात्र तळहाताएवढी पिलेही येतात. पापलेटाचा किलोमागे भाव नगाच्या वजनाबरोबर चढत जातो. त्यामुळे लहान पापलेट धरण्यात दुहेरी तोटा आहे : वजन कमी भरते आणि त्या कमी वजनालाही भाव कमी मिळतो. तरीही आज आपण सोडलेले पिलू उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार, ही शंका कोणाही मच्छीमाराला रास्तच वाटते. वाढीच्या समीकरणाकडे या शंकेचे उत्तर नाही.

किमान कायदेशीर लांबी

मासे पुरेसे वाढण्याआधीच पकडल्याने एकूण उत्पादन घटते, ही अतिमासेमारीची एक अवस्था. प्रौढ मासे इतके कमी उरणे की पुरेशी पिलेच जन्माला येऊ नयेत, ही दुसरी आणि अधिक घातक. दोन्ही टाळण्यासाठी ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा पकडण्यास व विकण्यास मनाई केली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी अशी किमान लांबी निश्चित केली. तीत चंदेरी पापलेटासाठी १३५ मिमी व बोंबलासाठी १८० मिमी ही मर्यादा आहे.

कायदेशीर लांबी आणि प्रौढत्वाची लांबी या दोन गोष्टी एकच नव्हेत. एखाद्या जातीतील निम्मे मासे ज्या लांबीला प्रजननक्षम होतात, तिला प्रथम प्रौढत्वाची लांबी म्हणतात. कायदेशीर मर्यादा त्याहून कमी असू शकते, कारण ती ठरवताना एकाच जाळ्यात अनेक जाती येतात ही वस्तुस्थितीही विचारात घ्यावी लागते. तेव्हा कायद्याने चालणारा प्रत्येक मासा अंडी घालून झालेला असतो, असा अर्थ काढता येत नाही. शिवाय डोल किंवा ट्रॉल जाळ्यातून वर काढलेला लहान मासा बहुधा मेलेलाच असतो. तो परत फेकल्याने कायदा पाळला जातो, मासा वाचत नाही. जाळ्याचा आस मोठा ठेवणे हाच त्यावर खरा उपाय.

जून व जुलै या पावसाळी महिन्यांतील मासेमारीबंदीचाही वाढीशी संबंध आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात न घालण्याची कोळी समाजाची प्रथा कायद्यापेक्षा जुनी आहे. बंदीच्या काळात अनेक जातींची पिले झपाट्याने वाढतात. लहान, वेगाने वाढणाऱ्या माशांना दोन महिन्यांची सवड पुष्कळ ठरते. घोळ किंवा सुरमईसाठी तीच सवड थोडी आहे.

गोड्या पाण्यातील तुलना : बुलढाणा जिल्हा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. येथील मासेमारी खडकपूर्णा, नलगंगा, पेनटाकळी यांसारख्या जलाशयांत चालते. कटला, रोहू व मृगळ या कार्प माशांचे खवले मोठे व टिकाऊ असल्याने त्यांच्या बाबतीत खवल्यांची पद्धत उपयोगी पडते. व्ही. जी. झिंगरन यांनी गंगेतील मृगळाचे वय व वाढ यांवरील अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. किनाऱ्यावर जे कठीण, ते येथे तुलनेने सोपे आहे.

दुसरी सोय अशी की, जलाशयात मत्स्यबीज सोडले जाते. बोटुकली कोणत्या महिन्यात सोडली याची नोंद असेल, तर त्या माशाचे वय वलये न मोजताही कळते आणि त्याच्या खवल्यावर खरोखर वर्षाला एकच वलय पडते का, हे पडताळता येते. चांगले अन्न व पुरेसे पाणी मिळाल्यास कटला पहिल्या वर्षात साधारण एक किलो भरतो. ज्या वर्षी पाऊस कमी पडून जलाशय उन्हाळ्यात तळाला जातो, त्या वर्षी वाढ खुंटते. शिवाय मासे लहान असतानाच पाणी आटण्यापूर्वी काढून विकावे लागतात. सागरी माशांत वयाचा अंदाज चुकण्याची भीती असते. येथे वय ठाऊक असते, पण मासा पाण्यात किती काळ राहणार हे पावसावर ठरते.